सहा इंची घेऊ की आठ, ताई?

अगं, आधी तो मोबाइल बाजूला ठेव. ६ इंच, ८ इंच, १० इंच, त्यात ऑर्थो, जेल, ड्युअल असं रात्री उशिरापर्यंत वाचत बसलं की कुणाचंही डोकं गरगरेल. नवीन घर, अर्धं सामान अजून खोक्यांत, पुढच्या महिन्यात आई राहायला येणार, आणि आता ही मेमरी फोमची गादी. दमलीयेस तू, दिसतंय मला. पण गृहकर्जाचे सगळे कागद एकटीने निस्तरलेस ना? मग गादीची जाडीही ठरवशील. सुरुवात कुठून करायची तेवढं मी सांगते.

खरं सांगू का, जाहिरातीत जो आकडा मोठ्या अक्षरांत असतो, तो अख्ख्या गादीच्या उंचीचा असतो. आत मेमरी फोम किती आहे, ते त्यावरून कळत नाही. मेमरी फोम हा फक्त वरचा थर, साधारण १ ते ३ इंचांचा. त्याखाली आधाराचा फोम असतो आणि गादीची बरीचशी उंची त्याचीच असते. हे बरोबरच आहे म्हणा, कारण नुसत्या मेमरी फोमवर झोपलीस तर कंबर खोल जाईल आणि कूस बदलायलाही जोर लावावा लागेल. पण जाड पुरणपोळीत पुरण जास्तच असेल असं नाही ना, तसंच १० इंची गादीत मेमरी फोम एकच इंच असू शकतो आणि ६ इंचीत चांगला २ इंच.

म्हणून दुकानात गेलीस की पहिला प्रश्न हा विचार: वरून खाली कुठला थर किती इंच आहे आणि प्रत्येकाची डेन्सिटी किती? डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. मेमरी फोमची ५०च्या आसपास किंवा त्याहून जास्त असेल तर तो बरीच वर्षं अंग धरतो. फारच हलका असेल तर जिथे रोज झोपतेस तिथे लवकर खळगा पडतो. खालचा थर एचआर, म्हणजे दाबल्यावर चटकन उसळी घेणाऱ्या, फोमचा आहे की रीबॉन्डेडचा, तेही विचार. रीबॉन्डेड म्हणजे फोमचे तुकडे दाबून, चिकटवून केलेला, रंगीबेरंगी ठिपक्यांचा थर. तो कडक असतो आणि जडही. वाईट असतो असं मी म्हणत नाही, काहींना तसा कडकपणा आवडतो. पण उंची वाढवायला तो घातलाय की आधाराला, ते आपल्याला माहीत हवं. हल्ली बऱ्याच दुकानांत गादीचा कापलेला नमुना ठेवलेला असतो. तो मागून घे, पट्टी लावून थर मोजून बघ. लाजू नकोस गं, पैसे आपले आहेत. 'मॅडम, सगळा फोमच आहे,' एवढंच उत्तर मिळालं तर सरळ पुढच्या दुकानात जा.

आता दुकानात जायच्याही आधीचं काम. टेप घे आणि पलंग मोज. लांबी-रुंदी मोजशीलच, माझं म्हणणं उंचीबद्दल आहे. आपल्याकडच्या बॉक्स बेडमध्ये गादी बसायला बहुतेक वेळा खाच असते, २-३ इंचांची. म्हणून जमिनीपासून लाकडी कडेपर्यंत मोजू नकोस, गादी जिथे टेकणार त्या प्लायपर्यंत मोज. मग खुर्चीवर बस, पाय जमिनीवर सपाट ठेव, आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या वळणापर्यंतचं अंतर कुणाला तरी मोजायला सांग. आपल्याकडच्या बायकांचं हे अंतर बहुधा १६ इंचांच्या आसपास भरतं. गादी घातल्यावर पलंगाची एकूण उंची यापेक्षा दोन-तीन इंच जास्त झाली तरी चालते, कारण काठावर बसलं की फोम थोडा दबतोच.

समज, तुझा प्लाय जमिनीपासून १३ इंचांवर आहे. ६ इंची गादी घातलीस की १९ इंच झाले. बसलीस, पाय टेकले, उठलीस. तिथेच १० इंची घातलीस तर २३ इंच. मग पाय लोंबकळतात, मांडीखाली काठ रुततो आणि रात्री अंधारात उतरताना जमीन चाचपावी लागते. उलट पलंग अगदी ठेंगणा असेल, हल्ली फॅशन आहे तशी, प्लाय ९-१० इंचांवरच असेल, तर ८ इंचीच बरी. आणि खाच खोल असेल तर फार पातळ गादी घेऊ नकोस. ३ इंच खोल खाचेत ४ इंची गादी घातली की लाकडी कडेच्या वर गादीचा एकच इंच उरतो, बसल्यावर तोही दबतो आणि ती कड मांडीला रोज टोचते. बघ, इथेच अर्धा प्रश्न सुटला. गादीची जाडी पलंग बघून ठरते, आणि पलंग तुझ्या घरात आहे, दुकानदाराच्या नाही.

आईचं वेगळं बोलू. तिचे गुडघे दुखतात, म्हणून तू तिच्या खोलीसाठी पातळ गादी बघत होतीस ना, चढायला सोपी पडावी म्हणून? अगं, दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उठणं अवघड जातं. पलंग ठेंगणा असला की गुडघे जास्त वाकतात आणि उठताना सगळा भार त्यांच्यावर येतो. तिच्यासाठी एकूण उंची तिच्या गुडघ्याच्या मापाइतकी किंवा किंचित वर हवी. तिच्या खोलीतला जुना दिवाण मोज. १२ इंचांचा असेल तर ६ इंची बरोबर बसेल. मात्र तिच्या गादीत वरचा मेमरी फोम बेताचाच असू दे, दीड-दोन इंच, आणि खालचा आधार घट्ट. वयस्कर माणूस खोल रुतलं की कूस बदलताना त्याची फार दमछाक होते. काठावर स्वतः बसून बघ. काठ एकदम खचत असेल तर ती गादी आईसाठी घेऊ नकोस, मग किती का महाग असेना.

आता अंगाचं. जाडी लागते कशाला? झोपल्यावर शरीराचा जड भाग, म्हणजे खांदे आणि कंबर, फोम दाबत खाली जातो. तो तळाच्या प्लायपर्यंत पोहोचू नये, एवढ्यासाठी. वजन ६० किलोच्या आत असेल तर ६ इंच पुरतात. ६० ते ९० किलोंना ८ इंच बरे. त्याहून जास्त असेल तर १० इंचांचा विचार कर, आणि तेव्हा खालच्या फोमची डेन्सिटी आणखी काटेकोरपणे विचार. हे ढोबळ आहे हं, चार-पाच किलो इकडेतिकडे झाले म्हणून घाबरू नकोस. आणि दोघांच्या वजनाची बेरीजही करू नकोस. प्रत्येक जण आपापल्या जागेवर झोपतं, म्हणून तुमच्यात ज्याचं वजन जास्त, त्याच्या अंगाने जाडी धर. तुझा नवरा तुझ्यापेक्षा चांगलाच धिप्पाड आहे. तुझ्या एकटीसाठी ६ इंची चालली असती, तुम्हा दोघांना ८ इंची घ्यावी असं माझं मत. तो उशिरा येऊन आडवा झाला तरी तू हलत नाहीस, हा मेमरी फोमचा खरोखर मोठा गुण आहे. हादरा फोममध्येच जिरतो, पलीकडच्या माणसापर्यंत फारसा पोहोचत नाही.

झोपायची सवयही बघायची. कुशीवर झोपणारीचा सगळा भार खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर येतो, म्हणून वरचा मऊ थर अडीच-तीन इंचांचा असेल तर खांदा अवघडत नाही. उताणं झोपणाऱ्याला दोन इंच पुरतात. पालथं झोपणाऱ्याने जाड मेमरी फोमच्या वाट्याला जाऊ नये, पोट खाली जातं आणि कमरेला बाक येतो. तू कुशीवरची, तो उताणा. अडीच इंच दोघांना मानवतील.

सासूबाई म्हणाल्या ना, पाठदुखीला कडक गादीच हवी, फळीवर झोप? त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांच्या काळी डॉक्टरसुद्धा हेच सांगायचे. पण २००३ साली स्पेनमधल्या संशोधकांचा एक अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. कंबरदुखी जुनी झालेल्या ३१३ लोकांपैकी काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक. ९० दिवसांनंतर मध्यम कडक गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झालेला आढळला. तेव्हा फळीही नको आणि लोण्यासारखी मऊही नको, दोन्हींच्या मधली. पायात मुंग्या येत असतील किंवा दुखणं पायापर्यंत उतरत असेल तर गादी बदलून थांबू नकोस, आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखव.

मेमरी फोमची एक गोष्ट दुकानातली मंडळी सांगत नाहीत, ती नीट ऐक. हा फोम १९६६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स योस्ट नावाच्या अभियंत्याने 'नासा'च्या कामासाठी तयार केला, विमानाच्या आसनांसाठी, धक्क्याचा मार अंगाला कमी बसावा म्हणून. गादीच्या रूपात तो घरात यायला पुढे पंचवीस वर्षं गेली. त्याचा स्वभाव असा की उबेने तो मऊ होतो आणि थंडीत कडक. आता विचार कर. तू गादी बघणार एसीच्या गारेगार दुकानात, आणि झोपणार मे महिन्यात घरी. दुकानात जी बरोबर वाटली ती घरी जास्त मऊ लागणार. नागपूर-अकोल्याकडे पारा ४५ला टेकतो, तिथे तर चांगलाच फरक पडतो. म्हणून दोन गाद्यांमध्ये अडकलीस तर थोडी घट्ट असेल ती घे. आणि हाताने दाबून काहीही कळत नाही गं. चपला काढ, रोज झोपतेस तशी कुशीवर आडवी हो, आणि दहा-पंधरा मिनिटं तशीच राहा. अंगाची ऊब लागून फोम बसायला तेवढा वेळ लागतो. नवऱ्यालाही शेजारी झोपव. लोक बघतील तर बघू दे.

उकाड्याचं कारण जाडी ठरवताना धरायलाच हवं. मेमरी फोममध्ये अंग जेवढं रुततं, तेवढी हवा खेळायला जागा कमी. मुंबई, ठाणे, कोकणपट्टी, गोवा इथल्या दमट हवेत वरचा थर ४ इंचांचा घेतला तर पाठ घामेजून जाते. जेलचा थर आडवं झाल्यावर थोडा वेळ गार लागतो, मग अंगाइतकाच गरम होतो. त्याच्यासाठी फार जादा पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. त्यापेक्षा वरचा थर अडीच इंचांवर थांबव, वर सुती चादर घाल, आणि प्लास्टिकचं कव्हर काढून टाक. हो, ते नवेपण टिकवायचं चकचकीत प्लास्टिक! ते ठेवलं की घामही आतच आणि वासही.

बॉक्स बेडचा प्लाय अखंड असेल तर सुताराला बोलावून त्याला हवेसाठी भोकं पाडून घे. पावसाळ्यात गादीखाली ओल धरते आणि बुरशी येते, आणि जाड गादीखाली ती लवकर दिसतही नाही. दर पंधरा दिवसांनी गादी भिंतीला उभी करून पंख्याखाली ठेव. आपल्या कापसाच्या गाद्या आपण गच्चीत कडक उन्हात टाकायचो, काठीने झोडायचो. ही गादी तशी टाकू नकोस, उन्हाने फोम पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. पाण्याने तर मुळीच धुवायची नाही.

'भिंतीला उभी करून' म्हटलं खरं, पण ती उचलणार कोण? हाही जाडीचाच प्रश्न आहे. ७८ बाय ६० इंचांच्या क्वीन मापात, ४० डेन्सिटीचा फोम धरला तर दर इंचाला साधारण ३ किलो पडतात. म्हणजे ६ इंचीचे १८ किलो, १० इंचीचे ३० किलो, आणि रीबॉन्डेड असेल तर त्याहून बरेच जास्त. तुझी सगळी जादा पांघरुणं, पाहुण्यांच्या उशा, दिवाळीची मोठी भांडी त्या बेडच्या पोटात आहेत. दर वेळी गादी आणि प्लाय उचलून ते काढायचंय. हायड्रॉलिक असेल तर त्याला किती भार पेलतो ते बेडवाल्याला विचार. साधं झाकण असेल तर जाडीच्या मोहात पडू नकोस, एकटीने उचलता आलं पाहिजे.

चादरींचंही गणित करून टाकू. घरात ९० बाय १०० इंचांच्या चादरी आहेत ना, लग्नात आलेल्या? ७८ इंच लांबीवर ६ इंची गादी असेल तर दोन्ही बाजूंची उंची धरून ९० इंच झाले, डोक्याकडे आणि पायाकडे खोचायला पाच-पाच इंच उरतात. ८ इंचीला तीन-तीन. १० इंचीला एकच इंच. म्हणजे सकाळी उठशील तर चादर पायाशी गोळा झालेली. इलॅस्टिकच्या चादरी घेणार असलीस तर त्या किती इंचांपर्यंतच्या गादीला बसतात ते पाकिटावर वाच, आणि सुती कापड धुतल्यावर आटतं हेही धर. ८ इंची ठरली तर दोन मोठ्या चादरींचा खर्च आत्ताच हिशेबात घे.

नणंद बाळाला घेऊन येणार आहे, तिलाही सांगून ठेव: वर्षाच्या आतल्या बाळाला मेमरी फोमवर झोपवायचं नाही, कितीही पातळ असला तरी. बाळ पालथं झालं तर नाक-तोंड रुतण्याची भीती असते. त्याला सपाट आणि घट्टच जागा हवी, आणि तीही स्वतःची वेगळी. पुढे मुलांसाठी दुमजली पलंग घेशील तेव्हा वरच्या मजल्यावर पातळच गादी घाल. कठडा गादीच्या वर निदान ५ इंच राहिलाच पाहिजे.

हाताशी असलेली गादी अजून सपाट असेल, फक्त कडक वाटत असेल, तर नवी घेण्याची घाई कशाला? दोन-तीन इंचांचा मेमरी फोमचा टॉपर तिच्यावर घातला तरी काम होतं आणि खर्चही बराच कमी. पण जुन्या गादीला खळगा असेल तर टॉपरही त्याच खळग्यात बसेल, तिथे पैसे घालू नकोस. पाहुण्यांच्या खोलीसाठी मी हाच मार्ग धरला आणि त्याबद्दल मी समाधानी आहे.

घ्यायच्या आधी वॉरंटीचा कागद वाच. किती इंच खळगा पडला तर गादी बदलून देतात ते त्यात लिहिलेलं असतं, आणि डाग पडला तर वॉरंटी जाते अशीही अट बहुतेक ठिकाणी असते. म्हणून पहिल्या दिवसापासून श्वास घेणारं पातळ कव्हर घाल. काही कंपन्या घरी वापरून बघायला मुदत देतात. ती किती दिवसांची, आणि परत न्यायला कोण येणार, हे विकत घेण्याआधी विचार. तुझी इमारत चार मजली आणि लिफ्ट चिंचोळी आहे, तेव्हा गुंडाळून येणारी गादीच सोयीची. उलगडल्यावर ती लगेच पूर्ण फुगत नाही, एक-दोन दिवस दे. त्याआधी मोजून 'इंच कमी दिला' म्हणून भांडू नकोस. नव्या फोमचा वास येईल, खिडक्या उघड्या ठेव, काही दिवसांत जातो. आणि हो, अंग थोडं खाली बसल्यामुळे जुनी उशी उंच वाटेल. मान दुखली की गादीला दोष देण्याआधी एक पातळ उशी घेऊन बघ.

तेव्हा आजची कामं एवढीच: दोन्ही पलंगांचे प्लाय मोज, आईचं आणि तुझं गुडघ्याचं माप घे, आणि आकडे मला पाठव. माझ्या अंदाजाने तुम्हा दोघांची ८ इंची होईल, वर अडीच इंच मेमरी फोम. आईची ६ इंची. पण प्लायची उंची कळल्याशिवाय पैसे भरू नकोस. आणि ती जुनी कापसाची गादी भंगारात देऊ नकोस हं. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घे, त्यातून दोन पातळ गाद्या करून घे. गणपतीत माणसं आली की खाली अंथरायला लागतातच, आणि त्या उन्हातही टाकता येतात.